विकतचा पतगुणांक आणि सावकाराचा निकाल

'पत' हा आपल्या भाषेतला जुना आणि फार अर्थपूर्ण शब्द आहे. ज्याची बाजारात पत होती त्याची हुंडी वटत असे, वाण्याकडे त्याचे खाते चालत असे. आणि ज्याची पत गेली त्याला रोख मोजल्यावाचून मिठाचा खडाही मिळत नसे. ही पत कोणी कागदावर आकड्यांत मांडून ठेवलेली नव्हती. सावकार माणसाला ओळखी, त्याच्या बापाला ओळखी, त्याचे शेत पाहून येई आणि मग काय ते हो किंवा नाही सांगे. त्या ओळखीत जिव्हाळा होता तसा जुलूमही होता; जातीचा, गावकीचा आणि मर्जीचा हिशेब तीत मिसळलेला असे. तेव्हा जुने तेवढे सोने, असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. सांगायचे ते इतकेच की, त्या ओळखीची जागा आज पुष्कळ अंशी एका तीन आकडी संख्येने घेतली आहे, आणि ही संख्या ज्याची त्यालाच विकत मिळू लागली आहे.

या संख्येला सर्वत्र क्रेडिट स्कोअर म्हणतात. आपण तिला पतगुणांक म्हणू. समजा, एक गृहस्थ घरासाठी कर्ज काढू पाहतो. वर्गणी भरून तो आपला गुणांक मागवतो, ७८० हा आकडा पाहून समाधान पावतो, बँकेत अर्ज करतो आणि पंधरा दिवसांनी नकार घेऊन घरी येतो. 'मग मी पैसे मोजून पाहिले ते काय?' हा त्याचा पहिला प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर त्याला सहसा कोणी देत नाही.

उत्तर समजण्यासाठी तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या केल्या पाहिजेत: नोंद, गुणांक आणि निर्णय. आपण कोणते कर्ज कधी घेतले, हप्ते वेळेवर भरले की चुकवले, किती बाकी आहे, याची जंत्री म्हणजे नोंद. त्या नोंदीवर गणिताचे एक सूत्र चालवून जो आकडा काढतात तो गुणांक. आणि पैसे द्यायचे की नाही, द्यायचे तर किती व कोणत्या व्याजाने, हे धनको ठरवतो तो निर्णय. शाळेतला दाखला घ्यायचा तर, नोंद ही उत्तरपत्रिका, गुणांक हे परीक्षकाने दिलेले गुण, आणि निर्णय म्हणजे कॉलेजातला प्रवेश. उत्तरपत्रिका एकच असली तरी दोन परीक्षक सारखे गुण देतील असे नाही. आणि कॉलेज नुसत्या गुणांवर प्रवेश देते असेही नाही. विकतच्या गुणांकाबद्दलचा सारा घोटाळा या तीन गोष्टी एकच मानल्याने होतो.

गुणांकाची ही पद्धत अमेरिकेत वाढली. बिल फेअर हा इंजिनियर आणि अर्ल आयझॅक हा गणिती, या दोघांनी १९५६ साली कॅलिफोर्नियात एक कंपनी काढली. कर्ज देताना माणसाच्या चेहऱ्याकडे न पाहता जुन्या कर्जांच्या अनुभवावरून अंदाज बांधावा, ही त्यांची कल्पना. तीतूनच पुढे १९८९ साली सर्व धनकोंना वापरता येईल असा गुणांक निघाला. कंपनीच्या नावावरून त्याला फायको म्हणतात. त्यात परतफेडीच्या इतिहासाला ३५ टक्के, बाकी असलेल्या कर्जाला ३०, कर्जव्यवहार किती वर्षांचा आहे याला १५, आणि नवी कर्जे व कर्जांचे प्रकार यांना प्रत्येकी १० टक्के असे साधारण वजन असते. या यादीत काय नाही, तेही पाहावे. पगार नाही. शिल्लक नाही. नोकरी पक्की की हंगामी, हेही नाही.

शिवाय हा आकडा एका माणसाविषयी निश्चित असे काही सांगत नाही. पुढील दोन वर्षांत कर्जदार नव्वद दिवस किंवा अधिक थकण्याचा संभव किती, एवढाच त्याचा रोख असतो. तेवढ्याच गुणांच्या हजार माणसांपैकी साधारण किती जण थकतील हे तो सांगू शकतो. त्या हजारांत आपण कोणत्या बाजूला असू, हे नाही. हजारो अर्ज हाताळणाऱ्या बँकेला असा अंदाज फार उपयोगी पडतो. एकट्या अर्जदाराला मात्र तो आपल्या चारित्र्याचा दाखला वाटतो, आणि तसा तो नव्हे.

आता विक्रीकडे वळू. अमेरिकेत नोंदी ठेवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीन: इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन. बहुतेक धनको फायकोचा गुणांक पाहत असताना या कंपन्या सामान्य ग्राहकाला निराळेच गुणांक विकत. इक्विफॅक्सचा स्वतःचा गुणांक २८० ते ८५० या मापावर होता. एक्स्पेरियनचा ३३० ते ८३० या मापावर. तिघींनी मिळून २००६ साली व्हँटेजस्कोअर नावाचा आणखी एक काढला, त्याचे माप आरंभी ५०१ ते ९९० होते. फायकोचे स्वतःचेही एक रूप नाही. मोटारीच्या कर्जासाठी वेगळे, क्रेडिट कार्डासाठी वेगळे, आणि जुन्या-नव्या आवृत्त्या आहेतच. एका मापावर ७५० म्हणजे उत्तम, तर दुसऱ्या मापावर तोच आकडा मधल्या पायरीचा. तेव्हा 'माझा गुणांक किती?' या प्रश्नापुढे 'कोणाच्या मापाने?' हा प्रश्न उभाच असतो.

२०१० साली अमेरिकेच्या कायदेमंडळाने नव्या ग्राहकसंरक्षण संस्थेला या बाबीची चौकशी करण्यास सांगितले. तिन्ही कंपन्यांकडून प्रत्येकी २ लाख माणसांच्या नोंदी घेऊन, ग्राहकाला विकले जाणारे आणि धनकोला विकले जाणारे गुणांक ताडून पाहण्यात आले. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पुष्कळांच्या बाबतीत दोन्ही गुणांक माणसाला एकाच पायरीवर बसवत होते. परंतु पाचांतील एका ग्राहकाला धनकोच्या हाती पडणाऱ्या गुणांकाहून अर्थपूर्ण फरक असलेला गुणांक मिळण्याचा संभव होता. म्हणजे विकतचा आकडा अगदीच खोटा नव्हता. पण पाचांत एकदा चुकणारा तराजू कोणता वाणी दुकानात ठेवील?

दोष केवळ तराजूचा नव्हता, तो विकणाऱ्याच्या बोलीचाही होता. २०१७ सालच्या जानेवारीत त्याच संस्थेने ट्रान्सयुनियन आणि इक्विफॅक्स यांच्यावर ठपका ठेवला की, आपण विकतो तोच गुणांक धनको वापरतात असा समज त्यांनी ग्राहकांत पसरवला. जाहिरात फुकट किंवा एका डॉलरात गुणांक पाहा अशी असे. मुदत संपण्याआधी नको म्हटले नाही, तर ट्रान्सयुनियनच्या ग्राहकाकडून दरमहा १६ डॉलर किंवा त्याहून अधिक आपोआप वसूल होत. दोघींना मिळून ग्राहकांना १ कोटी ७६ लाख डॉलरहून अधिक परत करावे लागले, आणि ५५ लाख डॉलर दंड झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये एक्स्पेरियनला अशाच कारणासाठी ३० लाख डॉलर दंड बसला.

तथापि, धनको वापरतो तोच गुणांक आपल्या हाती आला असे क्षणभर मानू. तेवढ्याने निर्णय कळेल काय? कल्पनेतली दोन उदाहरणे घेऊ. एका शिक्षिकेचा पगार महिना ६०,००० रुपये, गुणांक ८१०. तिचे आधीचे हप्ते २८,००० रुपयांचे आहेत आणि नव्या घराचा हप्ता २२,००० पडणार आहे. तिच्याच शाळेतल्या एका कारकुनाचा पगार तेवढाच धरू. गुणांक ७४०, पण डोक्यावर दुसरे कर्ज नाही. बँकेने कारकुनाला कर्ज दिले आणि शिक्षिकेला नाकारले, तर त्यात नवल नाही. शिक्षिकेचे ६०,००० पैकी ५०,००० हप्त्यांत जातील, मग घर कशावर चालणार, असा हिशेब बँक करील. गंमत अशी की, ते २८,००० रुपयांचे हप्ते नेमाने भरल्यामुळेच तर तिचा गुणांक इतका चांगला झाला! गुणांक मागच्याबद्दल शाबासकी देतो. बँक पुढचा महिना मोजते.

याशिवाय बँक जागेचे कागद पाहते, खरेदीखत व सातबारा तपासते, मूल्यांकन करून घेते, निवृत्तीला किती वर्षे उरली ते विचारते. अर्जदाराचे तिच्याकडे पूर्वी खाते असेल तर स्वतःची खातेवही उघडते. कित्येक बँका आपल्याच जुन्या कर्जदारांच्या अनुभवावरून स्वतःचे गुणपत्रक बनवतात, आणि ते कोणाला विकत मिळत नाही. शिवाय कोणत्या धंद्याला, कोणत्या वस्तीत, यंदा किती कर्ज द्यायचे, हे धोरण तिचे तिचे असते. म्हणूनच एका बँकेने परतवलेला माणूस दुसरीकडे चालतो. गुणांकाला महत्त्व नाही असे मात्र नव्हे. पुष्कळ ठिकाणी तो उंबरठ्यावरचा पहारेकरी असतो. काही बँका गृहकर्जाचा व्याजदरही त्याच्याशी जोडतात. पण दारात घेणारा पहारेकरी आणि आत निवाडा करणारा मालक, हे दोघे निराळे.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. २००० साली मुंबईत स्थापन झालेल्या सिबिलचे बहुसंख्य भाग आज त्याच ट्रान्सयुनियनकडे आहेत. २००५ च्या कायद्याखाली सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आपल्याकडे काम करतात. माप ३०० ते ९०० असले तरी चौघींची सूत्रे आपापली. एकाच माणसाचे चार गुणांक निघू शकतात. लोक सरसकट 'सिबिल' म्हणतात आणि अमुक आकड्याखाली कर्ज मिळतच नाही असे मानतात. वस्तुतः रिझर्व्ह बँकेने असा किमान आकडा घालून दिलेला नाही, हे २०२५ साली सरकारने संसदेतच सांगितले. आणि पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याला केवळ मागची नोंद नाही म्हणून परत पाठवू नये, असेही स्पष्ट केले.

मग सामान्य माणसाने करावे काय? आकड्यावर खर्च करण्यापेक्षा नोंदीवर श्रम करावे. गुणांकासह पूर्ण अहवाल चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा विनामूल्य मिळण्याची सोय २०१७ पासून आहे. आपला अहवाल आपण पाहिल्याने गुणांक घटत नाही. एकामागून एक अर्ज करत सुटल्याने मात्र तो घटू शकतो. अहवालात फेडलेले कर्ज अजून बाकी दाखवले आहे काय, दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर चढले आहे काय, कोणाला जामीन राहिलो ते खाते थकले आहे काय, हे ओळीने वाचावे. चूक दिसली तर लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत निकाल न लागल्यास पुढे दररोज १०० रुपये भरपाई देण्याचा नियम २०२४ च्या एप्रिलपासून अमलात आला आहे. एक चुकीची ओळ दुरुस्त झाली, की तीवरून काढलेले सर्व गुणांक आणि ती वाचणारे सर्व धनको यांच्यापुढे आपली बाजू एकदमच सुधारते. विकतच्या आकड्याने हे साधत नाही.

आणि नकार आलाच, तर कारण मागावे. कर्ज कितीही रकमेचे असो, अर्ज नाकारताना मुख्य कारण लेखी कळवावे, असे रिझर्व्ह बँकेने २००७ सालीच बँकांना सांगितले आहे. 'सिबिल बसत नाही' एवढे तोंडी उत्तर ऐकून मान खाली घालून परत येणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. जुन्या सावकारापुढे कारण विचारण्याची सोय नव्हती. आज ती आहे. ज्याला कारण कळले तो हप्ता कमी करून, कागद पुरा करून किंवा नोंद सुधारून पुन्हा अर्ज करू शकतो. ज्याच्या हाती केवळ विकतचा आकडा आहे, त्याला पुढची पायरी कोणती हे ठाऊकच नसते.