काळा खडक आणि काळी माती

गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही आठव्या इयत्तेच्या विद्यार्थ्यांस घेऊन गांवाबाहेरील टेकडीवर गेलों होतों. तेथें मुरमाची एक जुनी खाण आहे. तिच्या उभ्या भिंतीकडे बोट दाखवून आम्हीं सांगितलें, "पाहा, तळाशीं काळा खडक, त्यावर मुरूम, आणि सर्वांत वर ही वीतभर माती. ही माती ह्या खडकापासूनच झाली आहे." तेव्हां एका शेतकऱ्याच्या मुलानें विचारलें, "गुरुजी, खडकाची माती होतच असते, तर माझे वडील दर उन्हाळ्यांत बांध घालण्यासाठीं इतके कां राबतात? माती वाहून गेली तर नवी होईलच कीं!" प्रश्न मार्मिक होता. त्याचें उत्तर त्या दिवशीं घाईनें दिलें गेलें. तेंच येथें सावकाश देण्याचें योजिलें आहे.

प्रथम हा खडक आला कोठून तें पाहूं. महाराष्ट्राच्या बहुतेक भागाखालीं जो काळा खडक आहे त्यास बेसाल्ट म्हणतात. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं येथील भूमीस लांबच लांब भेगा पडल्या व त्यांतून तप्त शिलारस बाहेर आला. तो दूरवर पसरला, थंड होऊन थिजला, आणि त्यावर पुन्हां दुसरा थर आला. असे थरांवर थर बसले. आजही सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश ह्या थरांनीं व्यापिलेला आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर ज्या पायऱ्या दिसतात, त्या ह्याच थरांच्या कडा होत. १६४६ मीटर उंचीचें कळसूबाईचें शिखर ह्याच खडकाचें, आणि वेरूळ व अजिंठा येथील लेणीं कोरलीं तींही ह्याच खडकांत.

आतां इतका कठीण खडक मऊ कसा होतो? थंड प्रदेशांत फटींतील पाणी गोठून फुगतें व त्यामुळें खडक फुटतो. आपल्याकडे हें काम मुख्यतः ऊन व पाऊस करितात. शिलारस थिजतांना आकसतो व खडकास भेगा पडतात. उन्हानें दिवसा तापणें व रात्रीं निवणें ह्यांमुळें त्या भेगा सैल होतात, आणि त्यांत पावसाचें पाणी शिरतें. हें पाणी अगदीं शुद्ध नसतें. हवेंतील व विशेषतः जमिनींतील कार्बन डायऑक्साइड वायु त्यांत विरघळून तें किंचित् आम्ल बनतें. असें पाणी खडकांतील फेल्डस्पार नांवाच्या खनिजास कुजवितें व त्याची चिकणमाती होते. लोखंडी सांडशी ओलीनें जशी गंजते, तसा खडकांतील लोहाचा अंशही गंजतो. म्हणून मुरूम तांबूस दिसतो. आम्ही त्या खाणींत कित्येक गोल धोंडे पाहिले. त्यांचे पापुद्रे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटत होते, आणि मधला गाभा मात्र अद्याप काळा व टणक होता. भेगांतील पाणी चोहोंकडून आंत शिरत जातें, म्हणून असे गोल धोंडे उरतात. खडक असा जागच्या जागीं कुजतो, ह्यास अपक्षय म्हणतात.

परंतु कुजलेला खडक म्हणजे माती नव्हे. दगडफूल खडकास चिकटून वाढतें, गवताचीं मुळें मुरमांत शिरतात, पाने कुजतात, गांडुळें जमीन खालवर करितात. ह्या सर्वांच्या योगानें मुरमास जीव येतो आणि त्याची माती होते.

तयार झालेली माती तेथेंच राहते असें नाहीं. पावसाचें पाणी टेकडीवरील बारीक कण सखल भागीं नेतें. म्हणून माळावर मुरमाड, उथळ जमीन राहते, आणि नदीकांठीं कांहीं ठिकाणीं कित्येक हात खोल काळी माती सांपडते. ती पाण्यानें फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. ती ओल पुष्कळ दिवस धरून ठेवते, म्हणूनच रब्बीची ज्वारी थोड्या पावसावरही तग धरते. कोंकणांत व महाबळेश्वरास पाऊस फार, म्हणून तेथें खडकांतील बरेंच द्रव्य धुऊन गेलें व लोहयुक्त तांबडा जांभा उरला. खडक एकच, पण पाऊस निराळा, म्हणून माती निराळी.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळूं. नवी माती होते हें खरें. पण किती काळानें? वेरूळचें कैलास लेणें आठव्या शतकांतील. बाराशें वर्षें झालीं, तरी तेथील हत्तींचे व देवतांचे आकार स्पष्ट ओळखतां येतात. ओल्या मातीखालचा खडक उघड्या कड्यापेक्षां लवकर कुजतो. तरीही एक इंच माती होण्यास शेंकडों वर्षें लागतात. उलट, उतारावरील उघड्या, नांगरलेल्या शेतांतून ती जाण्यास कांहीं पावसाळे पुरतात. एका एकरावरील एक इंच माती म्हणजे सुमारें १०० घनमीटर. विद्यार्थ्यांनीं हा हिशेब स्वतः करून पाहावा. गोदावरीचें वा भीमेचें पाणी पावसाळ्यांत गढूळ होतें, तें पाहून आपण नदीस पूर आला एवढेंच म्हणतों. पण त्या गढूळ पाण्यांत कोणाचें तरी शेत चाललेलें असतें. शेवटीं तें बंगालच्या उपसागराच्या दिशेनें जातें व परत येत नाहीं.

म्हणून, बाळांनो, तुमचे वडील बांध घालतात, उताराला आडवी नांगरट व पेरणी करितात, बांधावर गवत व झाडें राखतात, तें व्यर्थ नव्हे. सुट्टींत घरीं जाल तेव्हां त्यांच्या हातांखालीं चार पाट्या टाका. पालकांसही आमची विनंती आहे कीं, हें काम मुलांस केवळ सांगूं नये. तें कां करावयाचें हेंही समजावून द्यावें.

पेरणाऱ्याचा दृष्टान्त आपण बायबलच्या तासाला दर वर्षीं वाचतों. खडकाळ जागीं पडलेलें बीं लवकर उगवलें, पण माती खोल नव्हती म्हणून उन्हानें करपून गेलें. प्रभूनें तेथें मनुष्याच्या अंतःकरणाची गोष्ट सांगितली आहे; पण ज्यानें ती सांगितली त्यास शेताचीही चांगली ओळख होती. खोल माती आपल्यास आयती लाभली आहे. ती आपण केली नाहीं, आणि गेली तर आपल्याच्यानें होणारही नाहीं. ती राखणें तेवढें आपल्या हातीं आहे.