अर्ध्या दिवसात सामोस

सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला "क्लोजिंग एरर किती आली?" असं विचारून तुमचा घसा कोरडा पाडणारा माणूस ग्रीसच्या बेटावर जाऊन आला, ही बातमी स्टाफरूममधून हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचलेली दिसते. मॅगझिनची पोरं आली आणि म्हणाली, "सर, निळा समुद्र, पांढरी घरं, असं काहीतरी लिहून द्या ना." मित्रहो, पांढरी घरं बघायची तर सांतोरिनीला जायचं. आम्ही गेलो होतो सामोसला. हे बेट ग्रीसचं असलं तरी तुर्कस्तानला इतकं चिकटून आहे की मधली खाडी सगळ्यात अरुंद ठिकाणी दोन किलोमीटरही भरत नाही. तिथली घरं लाल कौलांची आहेत, डोंगर हिरवे आहेत. आणि त्यातल्या एका डोंगराच्या पोटात अशी गोष्ट आहे की जिच्यासाठी मी नोकरीतली सगळी अर्जित रजा एकदम टाकली असती.

झालं असं की माझी धाकटी बहीण आणि मेहुणे जर्मनीत असतात. २०२३च्या सप्टेंबरात त्यांनी मला आणि बाबांना बोलावून घेतलं आणि आठवडाभर सामोसला न्यायचं ठरवलं. जर्मनीतून तिकडे थेट विमानं जातात. त्यांचा बेत सरळ होता, कोक्कारी नावाच्या गावात समुद्रकाठी खोल्या घ्यायच्या आणि पडून राहायचं. बाबा पाटबंधारे खात्यात कालव्यावर नोकरी करून रिटायर झालेले. त्यांना पडून राहणं जमत नाही. दुसऱ्याच दिवशी ते म्हणाले, "ते बोगद्याचं काय? तू म्हणाला होतास ना, अडीच हजार वर्षांचा पाट आहे म्हणून?"

आता फिरायचं कसं, हे आधी सांगतो, कारण तुमच्यातले काही जण पुढे एमएसला वगैरे जाणार आणि सुट्टीत अशी बेटं पालथी घालणार. तीन मार्ग आहेत. एक, सार्वजनिक बस. स्वस्त, पण फेऱ्या मोजक्या. दोन, भाड्याची गाडी स्वतः चालवणं. चौघे मित्र असाल आणि कोणाकडे लायसन्स असेल तर हेच करा, उगाच पैसे घालवू नका. तीन, ‘प्रायव्हेट हाफ-डे टूर’. म्हणजे गाडी, ड्रायव्हर आणि हवा असेल तर गाईड चार-पाच तासांसाठी फक्त तुमच्या दिमतीला. दर माणशी नसतो, गाडीमागे असतो. म्हणून एकट्याला तो परवडत नाही, चौघांना जरा तरी झेपतो. आम्हांला साडेतीनशे युरो पडले. बाबांना आकडा युरोत सांगितला, रुपयांत सांगितला नाही. तुम्ही तेव्हाच्या दराने, नव्वदनं गुणा आणि मेसच्या बिलाशी ताडून बघा.

ठरवताना एक गोष्ट मात्र नीट विचारून घ्यायची, की येणारा माणूस गाईड आहे की नुसता ड्रायव्हर? ग्रीसमध्ये गाईड हा परवान्याचा धंदा आहे. ड्रायव्हर गाडीत बसून कितीही गप्पा मारेल, पण पुरातत्त्वाच्या जागी आत येऊन माहिती सांगायची त्याला मुभा नाही. तो बाहेर कॉफी पीत थांबतो. आणि तिकिटं बहुतेक वेळा वेगळी असतात. हे आधी माहीत नसलं की दारात उभं राहून खिसे चाचपावे लागतात. आमच्या बहिणीने जर्मन शिस्तीत सगळं लिहून घेतलं होतं, त्यामुळे आमचा तो प्रसंग टळला.

मग हा महाग मार्ग आम्ही घेतला कशाला? बाबांमुळे. वय चौऱ्याहत्तर, तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली, डावा गुडघा कुरकुरणारा. पन्नास माणसांच्या बसमध्ये झेंडा घेतलेल्या बाईमागे पळणं त्यांना जमणार नव्हतं.

सकाळी साडेआठला निघालो. वाटेत वाथी लागलं, बेटाचं मुख्य गाव. ३० ऑक्टोबर २०२०च्या भूकंपात इथे भिंत कोसळून दोन शाळकरी मुलं गेली. समोरच्या किनाऱ्यावर, इझमीरमध्ये, शंभराहून जास्त माणसं दगावली. गाईडबाईंनी एवढं सांगितलं आणि पुढचं वळण येईपर्यंत त्या गप्प होत्या.

पिथागोरिओ हे बंदराचं गाव. त्याचं जुनं नाव तिगानी, म्हणजे चक्क तळणीचा तवा! १९५५ साली पायथागोरसच्या नावाने बारसं झालं, कारण तो सामोसचा. धक्क्यावर त्याचा पुतळा आहे आणि पुतळ्याची रचनाच काटकोन त्रिकोणाची. आठवीतल्या भूमितीने छळलेल्या सर्वांनी तिथे फोटो काढायला हरकत नाही. ज्या धक्क्यावर आपण उभे असतो, त्याच्याखाली इ.स.पू. सहाव्या शतकातला बांध आहे. हिरोडोटस या इतिहासकाराने सामोसची तीन कामं ग्रीकांत सर्वांत मोठी म्हणून सांगितली आहेत: हा बंदराचा बांध, हेरा देवीचं मंदिर आणि डोंगरातून काढलेला बोगदा. बोगद्याच्या इंजिनियरचं नावसुद्धा त्याने लिहून ठेवलंय, नाउस्ट्रोफोसचा मुलगा युपॅलिनोस, राहणार मेगारा. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या साइट इंजिनियरचं नाव बापाच्या नावासकट टिकलं. आपल्याकडे परवाच्या पुलाच्या कोनशिलेवर मंत्र्यांचं असतं.

बोगद्यापाशी पोचलो. दोन्ही बाजूंनी शिरून खणलेला, लांबी १०३६ मीटर. तिकिटाच्या खिडकीवर हेल्मेट देतात आणि विचारतात, हृदयाचा त्रास, बंद जागेची भीती वगैरे आहे का? बाबांनी पापणी न लववता इंग्रजीत "नो" म्हटलं. बहिणीने माझ्याकडे पाहिलं, मी हेल्मेटच्या पट्ट्याकडे. खरं सांगतो, मला तोंड उघडायला हवं होतं. पण ज्या माणसाने तीस वर्षं कालव्याच्या भरावावर सायकल मारली, त्याला या दारात येऊन "तुम्ही नका जाऊ" कसं म्हणायचं?

सुरुवातीला उभा जिना खाली जातो आणि मग दगडी बांधणीची अगदी चिंचोळी वाट आहे. बाबा जिन्यावरून खाली उतरले. मी त्यांच्या मागे. वाटेच्या तोंडाशी ते थांबले, हात पसरून वीत मोजली. "अडीच वीत. आणि मी?" स्वतःच्या पोटाकडे बघून म्हणाले, "आतला रस्ता मला नाही जमायचा. मागे लोक आहेत. मी अडकलो तर त्यांची पंचाईत." वळले आणि चढायला लागले. वर जाताना मला म्हणाले, "तू जा. नीट बघून ये. ढाळ किती दिलाय ते बघ. आणि गाळ काढायला माणूस कुठून उतरायचा ते."

बहीण त्यांच्यापाशी थांबली. मी, मेहुणे आणि गाईडबाई आत गेलो.

आत साधारण सहा फूट उंच, सहा फूट रुंद, खडकात छिन्नी-हातोड्याने कोरलेला चौकोनी रस्ता आहे. छिन्नीचे घाव अजून दिसतात. एका वेळी तोंडाशी फार तर दोन माणसं काम करू शकतील एवढीच जागा. पण बोगद्यातून पाणी वाहतच नव्हतं! बोगदा जवळजवळ सपाट आहे. पाण्यासाठी त्याच्या एका कडेने वेगळा खोल चर खणलाय आणि त्याच्या तळाला मातीचे नळ बसवले होते. उत्तरेच्या तोंडाशी चर सुमारे चार मीटर खोल, दक्षिणेच्या तोंडाशी आठ मीटरच्याही पुढे. म्हणजे हजार मीटरला साडेचार-पाच मीटर उतार, दोनशेला एकच्या आसपास.

असं दुहेरी काम का? विचार करा. बोगद्यालाच ढाळ दिला असता आणि दोन टोळ्यांच्या लेव्हलमध्ये हातभर चूक निघाली असती, तर पाणी मध्येच अडलं असतं. सपाट रेषा राखणं सोपं. आधी माणसाला जाता येईल असा सपाट बोगदा जोडून घ्या, मग लागेल तितका चर खोल करा. चर सुरुवातीपासूनच चार मीटर खोल का, याबद्दल अभ्यासकांचा कयास असा की झऱ्याची पातळी मधल्या काळात खाली गेली असावी. तसं असेल तर युपॅलिनोसला काम अर्ध्यावर असताना डिझाइन बदलावं लागलं.

दोन टोळ्या जिथे भेटल्या, ती जागा आम्हांला दाखवली. तिथे बोगदा सरळ नाही, वाकडा आहे. ही चूक नव्हे. समजा उत्तरेची आणि दक्षिणेची रेघ समांतर निघाल्या, मध्ये चार फुटांचा फरक. मग दोघे एकमेकांच्या शेजारून निघून जातील आणि जन्मभर खणत बसतील. म्हणून शेवटी शेवटी दोन्ही बोगदे असे वळवले की एकाने दुसऱ्याला छेदलंच पाहिजे. उंचीतही तेच. एका टोळीने छत वर उचललं, दुसरीने जमीन खाली घेतली, म्हणजे वर-खाली चुकामूक नको. त्याआधी उत्तरेच्या बाजूला खडक ठिसूळ लागला म्हणून बोगदा त्रिकोणात वळसा घेऊन पुन्हा मूळ रेषेवर आणलाय. आपली चूक होणार हे त्याने धरून ठेवलं होतं आणि ती कुठे मुरवायची याची जागाही करून ठेवली होती. भिंतीवर रंगाने काढलेल्या मोजमापाच्या खुणा आजही आहेत.

बाहेर आलो तर बाबा झाडाखाली बसून माझी वाट बघत होते आणि मग माझी व्हायवा झाली. ढाळ सांगितला. "नळ उघडे की झाकलेले?" नळांना वरून उघडी ठेवलेली तोंडं होती, सफाईसाठी. "माणूस कुठून उतरायचा?" बोगद्यातूनच, चरात. "म्हणजे बोगदा हा सर्व्हिस रोड," बाबा म्हणाले. हे मला आत सुचलं नव्हतं.

"पण पाणी येतं कुठून?" डोंगराच्या पलीकडे, आगियादेस नावाच्या वस्तीतून. ठरलेल्या कार्यक्रमात आता वाईनरी होती. सामोसची गोड मस्कॅट वाईन प्रसिद्ध आहे. गाईडबाईंनी बाबांकडे पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, वाईनरी राहू दे, डोंगरापलीकडे चल. प्रायव्हेट टूरचे साडेतीनशे युरो मला या एका वाक्यात वसूल झाले.

आगियादेसला जुन्या झऱ्याच्या टाक्यावर संत योहानाचं चर्च उभं आहे. तिथून पाणी सुमारे नऊशे मीटर जमिनीखालून डोंगराच्या कडेने बोगद्याच्या उत्तर तोंडाशी यायचं. शत्रूने गावाला वेढा घातला तरी त्याला पाणी सापडू नये म्हणून सगळं पुरलेलं. बाबा चर्चपाशी एका कट्ट्यावर बसले आणि डोंगराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "इथून पलीकडचं दिसत नाही. मग रेघ मारली कशी?"

हाच तो प्रश्न, ज्यावर गेली कित्येक वर्षं विद्वान भांडतायत. एक मत असं की डोंगराला वळसा घालून काटकोनात तुकडे मोजत गेले, पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण बेरजा केल्या आणि त्रिकोणाने दिशा काढली. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने पुढे अशीच पद्धत लिहून ठेवली आहे, पण तो युपॅलिनोसनंतर सहाएकशे वर्षांनी झाला. दुसरं मत, डोंगरमाथ्यावरून ओळीत काठ्या रोवत नेल्या आणि दोन्ही तोंडांना तीच दिशा धरली. बाबांचा कौल लगेच पडला. "काठ्याच. ओळंबा आणि काठ्या. कागदावरच्या बेरजेवर कोण डोंगर फोडेल?" मलाही काठ्याच पटतात. त्रिकोणाची पद्धत दिसायला देखणी, पण खडकाळ उतारावर शेकडो काटकोन टाकताना चूक साठत जाते. अनुभव घ्यायचा तर कॉलेजमागच्या टेकडीभोवती ट्रॅव्हर्स घ्या.

चूक साठण्यावरून मला राहवलं नाही. डिप्लोमाच्या सर्व्हे कॅम्पला आमच्या बॅचचा ट्रॅव्हर्स बंद होत नव्हता, तेव्हा मीच रात्री कंदिलाच्या उजेडात रीडिंग ‘कुक’ केली होती. एरर शून्य आणून दाखवली, शाबासकी घेतली. बाबांना ते कौतुकाने घरी सांगितलं होतं. पस्तीस वर्षांनी त्या कट्ट्यावर खरं सांगून टाकलं. बाबा म्हणाले, "तेव्हाच कळलं होतं. शून्य कोणाची येते?" आणि मग जरा थांबून, "मी पण आज खिडकीवर खोटंच बोललो." तेवढ्यात बहीण पाण्याची बाटली घेऊन आली आणि विषय संपला.

हेरायनला जायला वेळ थोडाच उरला. शंभर मीटरहून लांब मंदिर, दीडशेच्या वर खांबांचं, आणि आज एक खांब उभा, तोही अर्धा. गावातून तिथे जाणारा जुना पवित्र मार्ग विमानतळाच्या धावपट्टीखाली तुटलाय. विमानतळाचं नाव आरिस्टार्कस. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं कोपर्निकसच्या कितीतरी आधी म्हणणारा, तोही सामोसचाच. दुपारी एकला कोक्कारीत परत.

तिथे दुकानादुकानांत ‘पायथागोरसचा कप’ मिळतो. मध्ये एक खांब असलेला मातीचा पेला. खुणेपर्यंत भरलात तर ठीक, वर थेंब गेला की सगळंच बुडातून गळून जातं. खांबाच्या आत उलटा यू आकाराचा मार्ग आहे. पाणी त्याच्या माथ्यावरून गेलं की सायफन सुरू होतो आणि पेला रिकामा झाल्याशिवाय थांबत नाही. बाबांनी बघताक्षणी ओळखलं, "अरे, हा तर वासुदेव प्याला!" आपल्याकडे पितळेचा असतो. वसुदेवाने डोक्यावर घेतलेल्या कृष्णाच्या पायाला पाणी लागलं की यमुना ओसरते. तत्त्व तेच. त्यांनी एक विकत घेतला आणि संध्याकाळी जावईबापूंना वाईन काठोकाठ ओतून दिली. जावईबापूंची पांढरी पँट होती.

तो कप आता सर्व्हे लॅबच्या काचेच्या कपाटात आहे. बघायला या. फक्त बेसिनवर धरून भरा.