दोन फुटी तळ्यातले शेजारी

माझी धाकटी मुलगी सातवीत असताना तिच्या हट्टापायी घरात फिश टँक आला. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच. दुकानदारानं त्याच दिवशी दोन गोल्डफिश, दोन एंजल, चार टायगर बार्ब आणि काच चाटत बसणारा एक काळपट सकर अशी सगळी वरात आमच्या हवाली केली. दहाव्या दिवशी टँकमध्ये एकटा सकर उरला होता. "अब्बा, आपलं काय चुकलं?" असं तिनं विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते पुढे हळूहळू, वाचून आणि जाणकारांना विचारून मिळालं. सकरचं शेवटी सांगतो.

पहिली चूक घाईची. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया उतरतो आणि तो त्यांच्याच जिवावर उठतो. वाळूत, फिल्टरच्या स्पंजात वाढणारे जिवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग त्याचं नायट्रेट होतं, जे मासे बऱ्यापैकी सहन करतात. नव्या टँकमध्ये हे जिवाणू पुरेसे व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी आरशासारखं नितळ दिसतं आणि आत मासे मरतात. म्हणून आधी झाडं लावावीत. वॅलिस्नेरियाची लांब पाती, हायड्रिला या आपल्याच तळ्यांतल्या वनस्पती झपाट्यानं वाढतात आणि वाढताना अमोनिया नि नायट्रेट शोषून घेतात. मासे नसले तरी रोज चिमूटभर खाद्य टाकावं. ते कुजतं, जिवाणूंचं पोट भरतं. रात्री मात्र झाडंही प्राणवायू घेतात. पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसले तर गर्दी जास्त झाली, असं समजावं.

दुसरी चूक निवडीची. आमच्या टँकमध्ये हिशेबानं 56 लिटर पाणी मावतं; वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की 45 च्या आसपास उरतं. गोल्डफिश वीतभर वाढतो, घाण भरपूर करतो आणि कोवळी पानं खाऊन टाकतो. एंजल मोठा झाला की बारक्या माशांना गिळतो. टायगर बार्बांची संख्या कमी असली की ते शेजाऱ्यांचे पर कुरतडतात. म्हणजे आम्ही शेजारी नव्हे, भांडणं विकत आणली होती!

आता आमच्याकडे आठ झेब्रा आहेत. निळे पट्टे, लांबी जेमतेम दीड इंच, अष्टौप्रहर धावपळ. हा मासा आपल्या उपखंडातला. जगभरच्या प्रयोगशाळांत तो पाळला जातो, कारण माणसाच्या सुमारे 70 टक्के जनुकांना जुळणारं जनुक त्याच्यात सापडतं. 2013 साली त्याचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. दुकानात तो सगळ्यात स्वस्त माशांपैकी, म्हणून कुणी त्याच्याकडे बघत नाही. माझी पसंती मात्र त्यालाच. हे कळपाचे मासे, सहापेक्षा कमी आणू नयेत. दोनच ठेवले तर बावरतात नाहीतर एकमेकांना छळतात. शांत टँक हवा असेल तर हनी गोरामीची जोडी घ्यावी. तोही गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. पृष्ठभागावर येऊन थेट हवेतून श्वास घेणारा. पण भित्रा. झेब्रांच्या धावपळीत तो झाडामागून बाहेरच येत नाही, तेव्हा दोन्ही एकत्र नकोत.

पाण्याचा स्वभावही पाहावा लागतो. बोअरवेलचं पाणी जड असेल तर गप्पी, प्लॅटी, मोली मजेत राहतात; अॅमेझॉनच्या मऊ पाण्यातला निऑन टेट्रा तिथं कुढतो. गप्पी आणायचे तर सगळे नर आणावेत. मादी साधारण महिन्याला पिल्लं देते आणि एकदा संग झाला की पुढे काही महिने नराविनाही देत राहते. नळाचं पाणी क्लोरीनचं असतं, ते उघड्या बादलीत दिवसभर ठेवून मग वापरावं. दुकानातून मासे आणताना चार-पाचच आणावेत, पंधरवड्यानं पुढचे.

आता सकर. तो दक्षिण अमेरिकेतला. विकतात तेव्हा बोटभर असतो, वाढतो फूटभर, कधी त्याहून जास्त. आमचा वर्षभरात टँकला पुरेना. दुकानदार परत घेईना. मारवतही नव्हतं. एका संध्याकाळी मी आणि मुलीनं त्याला बादलीतून नेलं आणि गावाबाहेरच्या तलावात सोडलं. पुण्य केल्यासारखं वाटलं होतं. पुढे उजनी जलाशयातल्या मच्छीमारांच्या जाळ्यांत असेच सकर येत असल्याच्या बातम्या वाचल्या. त्याच्या परांच्या टणक काट्यांनी जाळी फाटतात, बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही, आणि तो पाण्यात पसरला की तिथल्या मूळ माशांची जागा आणि अन्न खातो. मुलगी आता नोकरी करते. बातमीचं कात्रण तिनंच मला आणून दाखवलं. दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.