लांब लेन्स, निर्धास्त पक्षी

अंगणातल्या जास्वंदीवरचा शिंजीर टिपायला ४०० मिमी लेन्स कशाला, ५० मिमीने फोटो काढून हवा तेवढा भाग कापला तर? हिशेब करून पाहा: चौकट लांबी-रुंदीत आठ-आठ पटींनी आक्रसते, म्हणजे २४ मेगापिक्सेलमधले चार लाखही पिक्सेल उरत नाहीत, नराच्या पिसांवरची जांभळी झळाळी तिथेच हरवते. जवळ जावं, तर पक्षी उडतो. जवळच घरटं असेल, तर पिल्लांचा घासही चुकतो. लांब लेन्सचं खरं मोल माझ्या मते या राखलेल्या अंतरात आहे. त्याची किंमत मोजावी लागतेच. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर, पाच मीटर अंतरावर, एफ ५.६ ला जेमतेम पाच सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो, म्हणून फोकस डोळ्यावरच हवा. हाताचा कंपही आठपट दिसतो. शटर निदान १/५०० सेकंद ठेवावं, पंख फडफडत असतील तर त्याहून बरंच वेगवान.