शुगर आहे, पण कोणती?

"काय गं, कोणतं डाएट?" हिंजवडीतल्या ऑफिसात माझ्या मैत्रिणीला दोन महिने हाच प्रश्न विचारला जात होता. सात किलो वजन उतरलेलं, जीन्स सैल. बाई खुश! रात्री चार-चारदा बाथरूमला उठावं लागायचं, डेस्कवरची पाण्याची बाटली दुपारपर्यंत तीनदा रिकामी व्हायची. ते सगळं तिनं एसी आणि लेट शिफ्टच्या खात्यावर टाकलं.

मग कंपनीचं हेल्थ चेकअप झालं. उपाशीपोटी शुगर २४८, एचबीएवनसी १०.४, वय २७. डॉक्टर म्हणाले, "बाबांना आहे ना? मग टाइप टू. गोळी घे, भात सोड, चालायला लाग." तिनं तिन्ही केलं. रोज पहाटे बाणेरची टेकडी. आईनं तर साखरेचा डबाच माळ्यावर टाकला. तीन महिन्यांनी शुगर आणखी वर! गोळी वाढली आणि वर प्रश्न, "चोरून खातेस का?" या प्रश्नावर ती अजूनही चिडते.

खरं तर डॉक्टरांचा अंदाज हवेतला नव्हता. आपल्याकडे टाइप टू तिशीच्या आतही होतो, बारीक माणसांनाही होतो. गोची अशी, की शुगरचा रिपोर्ट डायबेटीस आहे एवढंच सांगतो, कोणता ते सांगत नाही. टाइप वनमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. मोठ्या वयात हे कधी कधी इतकं सावकाश चालतं, की काही महिने गोळ्या लागू पडल्यासारख्या वाटतात. त्याला 'लाडा' म्हणतात. लाड मात्र काही नाहीत!

टाइप वन म्हणजे लहान मुलांचा आजार, हाही गैरसमजच. ब्रिटनच्या माजी पंतप्रधान थेरेसा मे यांना २०१२ मध्ये, ५६व्या वर्षी डायबेटीस निघाला. आधी टाइप टू समजून गोळ्या दिल्या, उपयोग होईना, तेव्हा कळलं की टाइप वन.

मैत्रिणीला ते कळलं कॅज्युअल्टीत. शनिवारी उलट्या, पोटदुखी, धाप. घरच्यांना वाटलं, बाहेरचं खाल्लं असेल. तिथल्या ज्युनिअर डॉक्टरनं कीटोन तपासले आणि धावपळ सुरू झाली. इन्शुलिन जवळपास संपलं की शरीर चरबी जाळत सुटतं, रक्तात आम्ल साठतं, जीवावर बेतू शकतं. तीन दिवस आयसीयू. मग जीएडी अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली आणि सी-पेप्टाइड, म्हणजे शरीर स्वतः किती इन्शुलिन बनवतंय त्याचा अंदाज, अगदीच कमी.

या दोन टेस्ट साध्या रक्ताच्या. वजन आपोआप उतरत असेल, गोळ्यांना शुगर दाद देत नसेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा, "माझा टाइप नक्की कोणता?" मनानं गोळ्या मात्र बंद करू नका. आणि घरात आजोबा, बाबा, तुम्ही अशी तरुणपणीच डायबेटीसची रांग असेल तर 'मोडी' या जनुकीय प्रकाराबद्दलही विचारा. त्यातल्या काहींना उलट इन्शुलिन सोडून साध्या गोळीवर येता येतं. चुकीचं लेबल दोन्हीकडून महागात पडतं.

मैत्रीण आता दिवसातून चारदा इन्शुलिनचं पेन टोचते. आणि भात? "खाते की! मोजून, आधी इन्शुलिन घेऊन." नाव मात्र छापू नकोस म्हणाली. घरी स्थळं बघणं चालू आहे.