पायाखालची ऊब : समज आणि वस्तुस्थिती

जर्मनीत अथवा कॅनडात स्थायिक होऊन स्वतःचे घर बांधू पाहणाऱ्या मराठी कुटुंबांत जमिनीखालून घर तापविण्याचा विषय निघाला, की वडीलधाऱ्यांच्या मनात पहिली शंका उभी राहते ती अशी, की अष्टौप्रहर तापलेल्या फरशीवर वावरल्याने पाय सुजतील, नाही तर शिरा तरी फुगतील. ही शंका सर्वस्वी निराधार नव्हे. विसाव्या शतकाच्या मध्यास युरोपात बांधलेल्या कित्येक घरांच्या भिंती व खिडक्या उष्णता धरून ठेवण्यास असमर्थ असल्यामुळे तेथील फरशी बेसुमार तापवावी लागे, आणि पायांविषयीच्या तक्रारी त्या काळापासून चालत आल्या आहेत. आजचे युरोपीय मानक मात्र राहत्या भागातील फरशीचे तापमान २९ अंश सेल्सियसच्या वर जाऊ देत नाही; स्नानगृहात ३३ आणि बाहेरील भिंतीलगतच्या अरुंद पट्ट्यात ३५ अंशांपर्यंत काय ती मुभा असते. अशी फरशी अनवाणी पायाला गरम लागतच नाही. गार लागत नाही, इतकेच.

ही कल्पना कालपरवाची आणि म्हणून बेभरवशाची, असाही एक समज आढळतो. वास्तविक इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन वास्तुशास्त्रज्ञ विट्रूव्हियस याने विटांच्या दोन फूट उंचीच्या खांबांवर स्नानगृहाची जमीन तोलून तिच्याखाली भट्टीची धग कशी खेळवावी, याचा तपशील लिहून ठेवला आहे; काश्मिरातील मशिदींच्या हमामात आजही दगडी लाद्यांखाली लाकडे जाळून हिवाळा सुसह्य केला जातो; आणि कोरियात तर स्वयंपाकघरातील चुलीचा धूर शेजारच्या खोलीच्या जमिनीखालून दगडी मार्गांनी फिरवून पलीकडच्या धुराड्यातून बाहेर सोडण्याची ‘ओंडोल’ नावाची रीत शतकानुशतके नांदली. चुलीलगतची जागा सर्वांत उबदार, म्हणून ती वृद्धांची किंवा पाहुण्यांची, असा तेथील घरांचा दंडक होता. पुढे लाकडांऐवजी कोळशाच्या विटा आल्या, आणि जमिनीच्या भेगांतून झिरपणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने माणसे झोपेतच दगावू लागली. त्यामुळे जमिनीखाली धुराऐवजी गरम पाणी खेळविण्याच्या आधुनिक रीतीत फरशीखाली काहीच जळत नाही, ही गोष्ट मला तिच्या सर्व सोयींहून मोलाची वाटते.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज निराळाच आहे. ‘उष्णता वर जाते, मग खाली अस्तर कशाला?’ असे म्हणून खर्चात काटछाट करणारे घरमालक थोडे नाहीत. वर जाते ती तापलेली हवा. उष्णता मात्र जिकडे थंडी असेल तिकडे, मग ती दिशा खालची का असेना, निघून जाते. म्हणून गरम पाण्याच्या नळ्यांखाली उष्णतारोधक अस्तर आणि भिंतींच्या कडेने लवचीक पट्टी हवीच. नळ्यांवर ओतलेला कोबा तापून प्रसरण पावतो, तेव्हा ही पट्टी त्याला जागा देते आणि भिंतीकडे होणारी गळतीही रोखते.

नळी फुटली तर सारी जमीन उखडावी लागेल, ही भीतीदेखील इतिहासातून आलेली आहे. अमेरिकेत १९४७ पासून उभ्या राहिलेल्या लेव्हिटाउनच्या घरांत काँक्रीटमध्ये तांब्याच्या नळ्या गाडलेल्या होत्या, आणि कालांतराने त्यांतील पुष्कळ गळू लागल्या. आता वापरतात त्या नळ्या विशेष प्रक्रिया केलेल्या पॉलिथिनच्या असतात. साधारण १६ मिलिमीटर व्यासाच्या नळीचे सुमारे शंभर मीटरचे एकेक वेटोळे अखंड अंथरले जाते, आणि त्याची दोन्ही टोके भिंतीतील वितरक पेटीत आणून जोडतात. त्यामुळे कोब्याखाली सांधा म्हणून राहत नाही. मात्र नळीला प्राणवायू अडविणारे आवरण आहे की नाही याची खातरजमा करावी, कारण त्याच्या अभावी यंत्रणेतील लोखंडी भाग गंजतात. कोबा ओतण्यापूर्वी नळ्यांची दाबाखाली परीक्षा व्हावी, ओतताना तो दाब कायम ठेवावा, आणि नळ्या झाकल्या जाण्याआधी त्यांची छायाचित्रे घरच्या दस्तऐवजांत ठेवावीत. पुढे कधी कोणी भिंतीची चौकट बसविण्यासाठी फरशीला भोक पाडू लागला, तर तीच छायाचित्रे कामी येतील.

कोबा लवकर वाळावा म्हणून गरम पाणी सोडण्याची घाईही तितकीच अनर्थकारक आहे. सिमेंटच्या कोब्याला किमान २१ दिवसांची मुदत द्यावी, त्यानंतर तीन दिवस २५ अंशांचे पाणी, आणि मग चार दिवस पूर्ण तापमानाचे, असा क्रम आहे. लाकडी जमीन अशा घरात चालतच नाही, हेही खरे नव्हे: अनेक थर चिकटवून केलेल्या फळ्या उत्तम चालतात, फक्त पृष्ठभाग २७ अंशांच्या आत राखावा लागतो. जाड गालिचे मात्र टाळावेत.

बाहेर जाताना बंद आणि परतल्यावर चालू, ही सवय येथे निरुपयोगी ठरते, कारण कोबा तापण्यास व निवण्यास कित्येक तास घेतो. बिलाचा हिशेबही सरसकट मांडता येत नाही. ३५ अंशांच्या आसपासच्या पाण्यावर भागत असल्याने उष्णता-पंपाशी या योजनेचे उत्तम जुळते. विजेच्या तारा अंथरून सगळे घर तापवावयाचे म्हटले, तर खर्च डोईजड होतो. आणि खिडक्यांच्या फटींतून वारा शिरणाऱ्या जुन्या घरात २९ अंशांची मर्यादा पाळून पुरेशी ऊब मिळेलच असे नाही. म्हणून कंत्राटदाराच्या दरपत्रकावर सही करण्यापूर्वी प्रत्येक खोलीतून किती उष्णता बाहेर जाते याचा लेखी हिशेब मागावा, आणि तो हाती येईपर्यंत नळ्यांची मागणी नोंदवू नये.