मेट्रोचं बिल कोणी भरायचं?

मुंबईची मेट्रो-३ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत धावू लागली. लांबी ३३.५ किलोमीटर, स्थानकं २७, त्यांतली २६ जमिनीखाली. मूळ अंदाज २३,१३६ कोटी रुपयांचा होता; सुधारित खर्च ३७,२७६ कोटींवर गेला. म्हणजे किलोमीटरमागे अकराशे कोटींहून अधिक.

काळ्या पाषाणातून, गिरगाव-काळबादेवीच्या जुन्या चाळींखालून भुयार काढायचं तर पैसा लागणारच. पण कारशेडचा घोळ टाळता आला असता. २०१९ मध्ये आरेतली झाडं तोडली, २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला हलवायचं ठरलं, त्याला उच्च न्यायालयाची स्थगिती आली आणि २०२२ मध्ये गाडी पुन्हा आरेत. याचं खापर झाडांसाठी रस्त्यावर उतरलेल्यांवर फोडणं मला मान्य नाही. जागेचा वाद कुदळ मारण्याआधीच मिटवायला हवा होता.

मूळ आराखड्यात निम्म्याहून अधिक रक्कम जपानच्या ‘जायका’ या संस्थेच्या कर्जाची होती. व्याज कमी, मुदत लांब. पण फेड येनमध्ये. रुपया घसरला की बोजा वाढतो.

हे सगळं तिकिटातून वसूल होईल का? मेट्रो-१ चा अनुभव पाहा. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर हा ११.४ किलोमीटरचा मार्ग सरकारी-खासगी भागीदारीतून उभा राहिला आणि जून २०१४ मध्ये सुरू झाला. करारानुसार भाडं ९, ११ आणि १३ रुपये. बांधकाम महागलं म्हणत मेट्रो चालवणाऱ्या कंपनीने १० ते ४० रुपये मागितले आणि प्रकरण कोर्टात गेलं. २,३५६ कोटींचा प्रकल्प ४,३२१ कोटींवर गेल्याचा कंपनीचा दावा. सरकारी भागीदार असलेल्या मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला (एमएमआरडीए) तो अमान्य. भाडं वाढवावं तर प्रवासी तुटतो, न वाढवावं तर खर्च निघत नाही. या कोंडीतून सुटका तिकीटखिडकीवर होणं शक्यच नाही.

पैसा आहे तो जमिनीत. स्थानक जाहीर झालं की आसपासच्या फ्लॅटचे भाव चढतात. ही वाढ घरमालकाने कमावलेली नसते, ती सार्वजनिक पैशातून आलेली असते. हाँगकाँगने स्थानकांवरच्या आणि भोवतालच्या जमिनीच्या विकासातूनच रेल्वेला भांडवल मिळवून दिलं. आपल्याकडे एमएमआरडीए वांद्रे-कुर्ला संकुलातले भूखंड भाडेपट्ट्याने देऊन प्रकल्पांना पैसा उभा करते. मुंबईत एप्रिल २०२२ पासून घरखरेदीवर १ टक्का मेट्रो अधिभारही आहे. मात्र तो कुर्ल्याच्या वन-रूम-किचनला आणि स्थानकाला खेटून उभ्या राहिलेल्या टॉवरला एकाच दराने लागतो.

आणि शहराची बससेवा चालवणारी बेस्ट? पूर्वी वीजपुरवठ्याच्या कमाईतून बसचा तोटा भरून निघायचा. तो आधार तुटला, स्वतःच्या गाड्या घटत गेल्या, भाड्याच्या गाड्या आल्या. मे २०२५ मध्ये साध्या बसचं किमान तिकीट पाचाचं दहा रुपये झालं. घरकाम करणाऱ्या बाईला येऊन-जाऊन रोज दहा रुपये जास्त पडू लागले. तिच्या नावावर स्थानकाजवळ जमीन नाही, मेट्रोमुळे तिची मिळकत वाढलेली नाही. तरी आधी तिचाच खिसा कापला गेला.

स्थानकालगतच्या नव्या बांधकामावर वाढीव आकार लावा, तो वेगळ्या खात्यात ठेवा, त्यातला ठरावीक वाटा बेस्टला द्या आणि त्याचा स्थानकनिहाय हिशेब दरवर्षी जाहीर करा. पुढच्या निवडणुकीत दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराकडे हा हिशेब मागा.